मुक्कामाला आलेला ताप

बँकेत सोबतची माणसं कळतात ती लेजरमधून नव्हे, रजेच्या अर्जांतून आणि मेडिकल बिलांतून. १९८८ साली सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी नव्यानेच ऑफिसर होऊन गेलो होतो. स्टाफची मेडिकल बिलं तपासून पुढे पाठवण्याचं कंटाळवाणं काम, सर्वांत नवा म्हणून, माझ्या गळ्यात पडलं होतं. त्या पावसाळ्यात आमच्या हेड कॅशियरांची बिलं दर आठ-दहा दिवसांनी येऊ लागली. वय बेचाळीस-त्रेचाळीस, पण सगळी शाखा त्यांना काका म्हणायची. पहिलं बिल दात काढल्याचं. मग तापाच्या गोळ्या. मग पाच दिवसांच्या कॅप्सूल. मग विडाल नावाची टायफॉइडची तपासणी आणि वेगळ्या कॅप्सूल. मग मलेरियाच्या गोळ्या. शेवटी ताकदीची इंजेक्शनं आणि टॉनिक.

"काका, आठ दिवस रजा टाका ना," मी एकदा म्हणालो.

"साहेब, दुपारपर्यंत मी ठणठणीत असतो. संध्याकाळी जरा कणकण येते, रात्री घाम सुटतो, एवढंच. तेवढ्यासाठी चाव्या दुसऱ्याच्या हातात कशाला द्यायच्या?"

दुखणं अंगावर काढणाऱ्या पिढीतले ते. शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला होता, चेहरा पांढुरका पडला होता, पण साडेदहाला काउंटर उघडा. सप्टेंबरातल्या एका बाजारच्या दिवशी शंभराच्या नोटांचं बंडल मोजता मोजता त्यांचा उजवा हात थांबला. नोटा काउंटरवर पसरल्या. "काय झालं?" विचारलं तर तोंडातून शब्द फुटेना.

जीप करून आम्ही त्यांना पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथला शिकाऊ डॉक्टर वयाने माझ्याहून लहान असेल. त्याने काकांच्या पापण्या उलट्या करून पाहिल्या, नखं उजेडात धरली, बराच वेळ छातीला स्टेथास्कोप लावून ठेवला आणि काकूंना दोन प्रश्न विचारले. लहानपणी यांचे सांधे सुजले होते का? आणि एवढ्यात दात काढला होता का? काकूंनी दोन्हींना हो म्हटलं. माझ्या डोळ्यांपुढे फाईलमधलं पहिलं बिल आलं.

तीन वेळा रक्त घेऊन कल्चरला लावलं, पण त्यात काहीही उगवलं नाही. दोन महिने थोडी थोडी पोटात गेलेली जंतुनाशकं जंतूंना मारायला अपुरी होती, पण लपवायला पुरेशी होती. इको केला तेव्हा डाव्या बाजूच्या झडपेवर वाळवीच्या वारुळासारखं काहीतरी हलताना दिसलं. त्यातलाच एक तुकडा सुटून मेंदूत गेला होता. पेनिसिलिन सुरू झालं. बाराव्या दिवशी हृदय थकून काका गेले. 'इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस' हे शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकले, मृत्यूच्या दाखल्यावर.

कादंबऱ्या लिहिणाऱ्या निवृत्त बँकवाल्याने वैद्यकावर कशाला लिहावं, असं कोणी विचारलं तर उत्तर असं की हे दुखणं मी दोनदा जवळून पाहिलं. दुसऱ्यांदा आमच्याच घरात, २०२३ साली. मधल्या पस्तीस वर्षांत जे वाचलं, डॉक्टर मित्रांना विचारून विचारून जे समजून घेतलं, ते इथे मांडतो आहे.

हृदयाला चार झडपा असतात. रक्त पुढे जाऊ द्यायचं आणि मागे येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. पण हे काम त्या दिवसाला साधारण एक लाख वेळा करतात. पाकळ्या कागदासारख्या पातळ, आणि गंमत अशी की आयुष्यभर रक्तात न्हाऊनही या पाकळ्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. शरीरात कुठेही जंतू शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांतून तिथे धावतात. झडपेच्या पाकळीत तशी वाटच नाही. म्हणून तिथे एकदा जंतूने बस्तान बसवलं, की शरीराला त्याला हाकलणं जमत नाही.

धडधाकट झडपेचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यावर सहसा काही चिकटत नाही. पण झडप गळकी किंवा आकसलेली असली, की रक्ताची चिळकांडी जोराने जाते आणि आतलं अस्तर खरवडतं. त्या खरवडलेल्या जागी रक्तातल्या बिंबिका आणि फायब्रिनचे धागे साठतात. आता रक्तात जंतू आले तर त्यांना उतरायला धर्मशाळा तयार! जंतू तिथे वाढतात, त्यांच्यावर पुन्हा धाग्यांचा थर बसतो, त्यात पुन्हा जंतू. या ढिगाऱ्याला डॉक्टर 'व्हेजिटेशन' म्हणतात. तो झडप कुरतडतो, आणि त्याचे तुकडे सुटून मेंदूत, प्लीहेत, मूत्रपिंडात, पायाच्या धमनीत जाऊन अडकतात. काकांचा हात थांबला तो असा.

जंतू येतात कुठून? पुष्कळदा आपल्याच तोंडातून. हिरड्यांच्या फटीत राहणारे स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जंतू दात काढताना रक्तात उतरतात, आणि हिरड्या सुजलेल्या असतील तर नुसतं दात घासतानाही उतरतात. हे जंतू संथ. त्यांचा ताप आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, माणूस हिंडत-फिरत राहतो. दुसरा मोठा गुन्हेगार स्टॅफिलोकॉकस ऑरियस. तो कातडीवर, नाकात राहतो, आणि गळू, डायलिसिसची नळी, शिरेत दिवसेंदिवस राहिलेली सुई अशा वाटांनी आत येतो. त्याला झडप आधी बिघडलेली असण्याची गरज नसते, चांगली झडपही तो काही दिवसांत फाडतो. श्रीमंत देशांत आता त्याचाच नंबर पहिला आहे. शिरेतून नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांत तो हृदयाच्या उजव्या बाजूची झडप धरतो आणि तुकडे फुप्फुसात जातात. आतड्यातले एन्टेरोकॉकस लघवीच्या मार्गाने येतात. क्वचित बुरशीही असते, आणि ती फार चिवट.

आपल्याकडे झडप बिघडवणारं जुनं कारण म्हणजे ऱ्हुमॅटिक ताप. शाळकरी वयात घसा दुखतो, दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, आज गुडघा तर उद्या घोटा. सांधे बरे होतात आणि घरचे विसरून जातात. हा आजार सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो, अशी डॉक्टरांमध्ये जुनी म्हणच आहे. याखेरीज जन्मतः हृदयाला छिद्र असलेली मुलं, शंभरात एक-दोघांना असणारी तीनऐवजी दोन पाकळ्यांची महाधमनीची झडप, म्हातारपणी कॅल्शियम साठून कडक झालेली झडप, पेसमेकरच्या तारा, आणि सर्वांत जोखमीच्या म्हणजे बसवलेल्या कृत्रिम झडपा. पाश्चात्त्य देशांतल्या मोजदादीनुसार वर्षाला लाखामागे तीन ते दहा माणसांना हा आजार होतो. आकडा लहान आहे. पण इतक्या औषधांच्या काळातही रुग्णालयात पोहोचलेल्यांपैकी साधारण पाचातला एक दगावतो, हे त्याच्या शेजारी लिहायला हवं.

या रोगाने भल्याभल्यांना चकवलं आहे. विल्यम ऑस्लरने १८८५ साली लंडनला यावर तीन व्याख्यानं दिली, तेव्हाही त्याची तक्रार हीच की जिवंतपणी हा ओळखणं फार कठीण. बोटांच्या टोकांना येणाऱ्या दुखऱ्या गाठींना आज त्याचंच नाव आहे. पण मला या इतिहासातली दोन माणसं विसरता येत नाहीत.

एक गुस्ताव माहलर, ऑस्ट्रियाचा संगीतकार. १९०७ साली त्याची थोरली मुलगी गेली आणि त्याच दिवसांत डॉक्टरांना त्याच्या झडपेत दोष सापडला. १९११ च्या फेब्रुवारीत न्यू यॉर्कला अंगात ताप असताना त्याने कार्नेगी हॉलमध्ये आपला शेवटचा कार्यक्रम उभ्याने पार पाडला. एमॅन्युएल लिब्मन नावाचा, या रोगाचा त्या काळातला सर्वांत जाणता डॉक्टर त्याला पाहायला आला. त्याचा तरुण सहायक जॉर्ज बेहर याने दंडातून २० सीसी रक्त काढून त्यातलं काही तिथल्या तिथे कल्चरच्या बशांत ओतलं. चार-पाच दिवसांत स्ट्रेप्टोकॉकसच्या वसाहती उगवल्या. निदान अचूक झालं, उपाय मात्र शून्य. माहलरने खरं काय ते सांगा म्हणून हट्ट धरला, ऐकलं, आणि मरायचं तर व्हिएन्नात म्हणून बोट धरली. मे महिन्याच्या १८ तारखेला तो व्हिएन्नात गेला. वय पन्नास.

दुसरा आल्फ्रेड राइनहार्ट, हार्वर्डचा वैद्यकाचा विद्यार्थी. लहानपणी ऱ्हुमॅटिक तापाने त्याची झडप बिघडली होती. १९३१ साली एका रात्री त्याला आपल्या डाव्या हातावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले. दुसऱ्या कोणी ढेकूण चावला म्हणून सोडून दिलं असतं. याने पुस्तक वाचलेलं होतं. आपण सहा महिन्यांत मरणार, हे त्याने घरच्यांना तिथेच सांगितलं. मग स्वतःच्या दुखण्याची टिपणं ठेवत गेला, आणि त्याच वर्षी गेला. ती टिपणं सोमा वाइस या डॉक्टरने १९४२ साली प्रसिद्ध केली.

आणि त्यानंतर जेमतेम दोन वर्षांनी, १९४४ च्या जानेवारीत, ब्रुकलिनच्या लिओ लोवे या डॉक्टरने आपल्या सात रुग्णांचा वृत्तांत छापला. सलग, भरपूर मात्रेत, शिरेतून पेनिसिलिन देऊन या रोगाला हरवल्याचा. तोवर लढाईवरच्या सैनिकांसाठी राखून ठेवलेलं औषध असल्या 'हमखास मरणाऱ्या' आजारावर वाया घालवू नये, असंच अधिकाऱ्यांचं मत होतं. राइनहार्टला तेरा वर्षांनी उशिरा ठिपके दिसते तर? असला हिशेब करू नये हे कळतं, पण माणूस करतोच.

आज निदान कसं करतात? लक्षणं फसवी असतात: रेंगाळणारा ताप, घाम, वजन उतरणं, भूक नसणं, फिकटपणा, कधी नुसती पाठदुखी. जाणता डॉक्टर छातीवर नवी मर्मर ऐकतो, नखाखाली काट्यासारख्या लाल रेघा पाहतो, डोळ्याच्या पडद्यावरचे, तळहातावरचे डाग शोधतो. हे सगळं आता पूर्वीइतकं सापडत नाही, कारण रुग्ण लवकर येतात. सापडलं नाही म्हणून रोग नाही, असं मात्र नव्हे.

खरा पुरावा दोन ठिकाणी. पहिला रक्ताचं कल्चर. वेगवेगळ्या शिरांतून, वेळेचं अंतर ठेवून, निदान तीनदा रक्त घ्यायचं, आणि हे जंतुनाशकाचा पहिला डोस देण्याआधी. प्रौढ माणसाचं दर वेळी वीसेक मिली, म्हणजे बेहरने माहलरचं घेतलं साधारण तेवढंच. नातेवाईक यावरून फार कुरकुरतात. "आधीच अशक्त, त्यात इतकं रक्त कशाला काढता?" पण दर मिलीत जंतू मोजकेच असतात, रक्त कमी घेतलं तर ते निसटतात. तीन वेगळ्या जागी तोच जंतू निघाला, तर तो सुईबरोबर कातडीवरून आला नाही याची खात्री होते. पूर्वी बाटल्या डोळ्यांनी निरखाव्या लागत. आता यंत्र सांगतं, बहुधा एक ते तीन दिवसांत. काही जंतू कल्चरमध्ये वाढतच नाहीत, त्यांच्यासाठी रक्ताच्या वेगळ्या तपासण्या आहेत. पण आपल्याकडे कल्चर कोरं येण्याचं मोठं कारण हे दुर्मीळ जंतू नव्हेत. ते काकांच्या फाईलमध्ये होतं: आधी घेतलेल्या कॅप्सूल.

दुसरा पुरावा इको. ध्वनिलहरींनी धडधडतं हृदय पाहण्याची ही युक्ती १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड इथे एडलर हा डॉक्टर आणि हेर्ट्झ हा भौतिकशास्त्रज्ञ यांनी प्रथम केली. छातीवरून केलेल्या इकोत लहान व्हेजिटेशन निसटू शकतं. म्हणून संशय पक्का असेल तर अन्ननलिकेत नळी घालून, हृदयाच्या अगदी पाठीमागून पाहतात. कृत्रिम झडपेच्या सावलीत इकोलाही नीट दिसत नाही, तिथे आता पेट-सीटी स्कॅनची मदत होते. सगळा पुरावा तोलायला अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या डॉक्टरांनी १९९४ साली एक पट्टी बसवून दिली, तिची ताजी सुधारणा २०२३ ची. दोन मोठे पुरावे, किंवा एक मोठा नि तीन छोटे, किंवा पाच छोटे असले की निदान पक्कं. कर्जाच्या प्रस्तावाला आम्ही गुण देत असू तशातलाच प्रकार, पण हा जास्त प्रामाणिक.

औषध शिरेतूनच, आणि चार ते सहा आठवडे. 'एवढे दिवस कशाला, ताप तर आठवड्यात गेला,' असं प्रत्येक घरात म्हटलं जातं. कारण सोपं आहे. ढिगाऱ्याच्या पोटात जंतू दाटीवाटीने आणि जवळजवळ झोपून असतात. पेनिसिलिनसारखी औषधं वाढणाऱ्या जंतूला मारतात, निजलेल्याला नाही. तिथे पांढऱ्या पेशींची कुमकही पोहोचत नाही. त्यामुळे शेवटचा जंतू जागा होईपर्यंत औषधाला पहारा द्यावा लागतो. स्ट्रेप्टोकॉकसला पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, चिवट स्टॅफिलोकॉकसला व्हॅन्कोमायसिन. जोडीला कधी जेंटामायसिन. त्याने मूत्रपिंड आणि कान यांना धक्का पोहोचू शकतो, म्हणून त्यावर लक्ष ठेवावं लागतं. डेन्मार्कच्या डॉक्टरांनी ४०० रुग्णांवर केलेल्या अभ्यासातून २०१८ साली दाखवलं, की रुग्ण स्थिरावल्यावर, निदान दहा दिवस शिरेतून औषध झाल्यावर, निवडक रुग्णांना उरलेलं औषध तोंडाने देऊनही निभतं. सहा आठवडे खाटेचं भाडं भरणाऱ्या घराला याचा अर्थ काय, हे सांगायला नको. मात्र हे डॉक्टरांनी ठरवायचं, आपण परस्पर नाही.

काहींना शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसतं. झडप फाटून हृदय थकू लागलं, जंतू झडपेच्या मुळाशी गळू करू लागले, ताप हटेना, किंवा मोठं व्हेजिटेशन कधीही तुटेल असं लोंबकळत असलं की झडप दुरुस्त करतात किंवा बदलतात. पूर्वी 'आधी जंतू थंड होऊ द्या, मग कापू' असा विचार असे. तेवढ्यात रुग्णच थंड होई. दक्षिण कोरियातल्या ७६ रुग्णांच्या अभ्यासाने २०१२ साली दाखवून दिलं, की मोठं व्हेजिटेशन आणि बिघडलेली झडप असणाऱ्यांत ४८ तासांत शस्त्रक्रिया केली तर तुकडे सुटून होणारे घात खूपच कमी होतात. कृत्रिम झडप म्हणजे सगळं संपलं असंही नाही. धातूची असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, आणि पुन्हा याच आजाराची टांगती तलवार.

आता आमच्या घरची गोष्ट. माझी थोरली वहिनी, ठाण्याला असते. तिच्या महाधमनीच्या झडपेला दोनच पाकळ्या आहेत, हे साठीनंतर एका इकोत कळलं होतं. २०२३ च्या ऑगस्टात तिला ताप येऊ लागला. बारा दिवस झाले. त्यांचे फॅमिली डॉक्टर जुन्या वळणाचे. त्यांनी तपासलं, पॅरासिटामॉल लिहून दिलं आणि म्हणाले, "हिला बाकी काही द्यायचं नाही. आधी रक्त." पुतण्या भडकला. आणि लिहायला लाज वाटते, पण काकांची फाईल पाहिलेला मीही म्हणालो, "डॉक्टर, बारा दिवस झाले. काहीतरी स्ट्राँग द्या." आपलं माणूस तापाने फणफणलं की शहाणपण कुठे जातं कोण जाणे. डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले, "स्ट्राँगच देणार आहे. कोणाला मारायचंय ते कळू द्या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जंतू निघाला. स्ट्रेप्टोकॉकस, तोंडातला. अन्ननलिकेतून केलेल्या इकोत सहा मिलिमीटरचं व्हेजिटेशन दिसलं. चार आठवडे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, त्यातले दोन रुग्णालयात आणि दोन घरी, दंडात बसवलेल्या नळीतून, रोज एकदा नर्स येऊन. शस्त्रक्रिया लागली नाही. मागाहून एक सडकी दाढ सापडली. वरून धड दिसणारी, आत मुळाशी पू.

त्या दोन निदानांमध्ये पस्तीस वर्षांचं अंतर आहे, पण फरक यंत्रांचा म्हणावा तेवढा नाही. कल्चर १९८८ सालीही होतं. १९११ सालीही होतं. फरक एका माणसाने लिहायचं औषध दोन दिवस थांबवलं, एवढाच. बँकेत दिवसाची टॅली जुळली नाही, की फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून घरी जाण्याचा मोह होतो. दुसऱ्या दिवशी फरक शोधायचा असं म्हणतात, आणि तो तिथेच वर्षभर पडून राहतो. तापाचं आपण हेच करतो. 'व्हायरल' म्हणतो, 'टायफॉइड असेल' म्हणतो, पाच दिवसांच्या कॅप्सूल टाकतो. ताप उतरतो, आठवड्याने परत येतो, मग डॉक्टर बदलतो, कॅप्सूल बदलतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. यात गावच्या डॉक्टरांना झोडपणं सोपं आहे. पण 'इंजेक्शन दिलं नाही' म्हणून शेजारच्या दवाखान्यात जाणारे आपणच, आणि औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून तीन गोळ्या मागणारेही आपणच. रुग्ण अत्यवस्थ असेल तर औषध थांबवायचं नसतं, हे खरं. पण तिथेही बाटल्यांत रक्त घ्यायला काही मिनिटं लागतात. झडपेचा दोष असणाऱ्याला आठवडाभर कारण न सापडणारा ताप आला, तर 'कल्चर घेतलं का?' हा प्रश्न घरातल्या कोणीही विचारावा. डॉक्टरांना राग आला तर येऊ द्यावा.

टाळायचं कसं, यावर डॉक्टरांतही वाद झाले. दाताच्या कामाआधी जंतुनाशक द्यावं, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९५५ पासून सांगितलं, आणि पन्नास वर्षं झडपेच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला ते दिलं गेलं. मग लक्षात आलं, की रोज दात घासताना, चावताना रक्तात जाणारे जंतू वर्षाकाठी दंतवैद्याच्या एका भेटीपेक्षा कितीतरी जास्त. २००७ साली त्यांनी यादी आखडली: कृत्रिम झडप असलेले, पूर्वी हा आजार होऊन गेलेले, आणि जन्मतः हृदयदोषाचे काही ठरावीक रुग्ण. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००८ मध्ये देऊच नये म्हटलं, आणि २०१६ मध्ये त्या वाक्यात 'सरसकट' हा एक शब्द घालून दार किलकिलं केलं. माझं सामान्य माणसाचं मत असं, की वाद औषधाबद्दल आहे, दातांबद्दल कोणाचाच नाही. दोन वेळा घासणं, हिरड्यांतून रक्त येत असेल तर दाखवणं, सहा महिन्यांनी तपासणी, यावर सगळे एक आहेत. आपल्याकडे दंतवैद्याकडे जातात ते ठणका लागल्यावर.

ऱ्हुमॅटिक तापाचं याहून वाईट. तो एकदा झालेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन वर्षानुवर्षं द्यावं लागतं, म्हणजे तो उलटत नाही आणि झडप आणखी बिघडत नाही. इंजेक्शन स्वस्त आहे आणि फार दुखतं. मुलांची ती बरी चालू राहतात. मुलींची लग्न ठरलं की बंद होतात. सासरी कळायला नको म्हणून. पुढे पहिल्या बाळंतपणात धाप लागते, तेव्हा सगळ्यांना एकदमच कळतं. माझ्या एका कादंबरीत अशी एक मुलगी आहे; वाचकांनी पत्रं पाठवून विचारलं की हे खरंच घडतं का. पत्रं बहुतेक पुरुषांची होती.

वहिनी आता बरी आहे. झडप पूर्वीपेक्षा थोडी जास्त गळते, दर सहा महिन्यांनी इको असतो. पर्समध्ये तिने एक कार्ड ठेवलं आहे, त्यावर झडपेचं आणि २०२३ च्या आजाराचं लिहिलेलं. दंतवैद्याकडे गेली की खुर्चीत बसण्याआधी ते पुढे करते. आधीचा डोस घेतला का, हे दादा दारातच विचारतो. पेन्शनर म्हणून मला दर वर्षी बँकेची एक डायरी मिळते, ती मी तिला नेऊन देतो. अंग कोमट लागलं की ती थर्मामीटर लावून त्यात तारीख, वेळ आणि आकडा लिहिते. मागच्या आठवड्यात मी ती डायरी सहज चाळली. वर्षभरात चारच नोंदी होत्या, आणि त्यातली एक किराण्याची होती.